होडीचं नाव

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या होडीसाठी तू पाठवलेली नावांची यादी आम्ही दोघांनी वाचली. ‘क्षितिजस्पर्शा’ आधी खोडून टाक. वाचायला ते गोड आहे, पण ऑकलंडच्या तटरक्षकांना व्हीएचएफ रेडिओवर सांगून बघ! संकटात ‘मेडे’ हा मदतीचा पुकारा तीनदा करून लगेच होडीचं नावही तीनदा सांगायचं असतं. वारा घोंगावत असताना, खरखरीतून, मराठी न येणाऱ्या माणसाला ते एका दमात कळलं पाहिजे आणि अक्षरं फोडून सांगतानाही धाप लागता कामा नये. ‘सागरलक्ष्मी’ला माझी हरकत नाही, फक्त आपल्या किनाऱ्यावर त्या नावाला तोटा नाही. आईचं नाव द्यायला आईनेच नकार दिलाय. “वादळात माझ्या नावाने शंख नको,” म्हणाली.

नाव त्या होडीचं वाटावं, एवढंच मला कळतं. आपल्या नौदलाची शिडाची होडी ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर बांधली, तिथल्याच नदीचं नाव तिला मिळालं. नौदलाच्याच ‘तारिणी’चं नाव ओडिशातल्या तारातारिणी देवीवरून, दर्यावर्दी जिला साकडं घालतात. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी तिच्यातूनच पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या.

पण माझी आवडती ‘सुहैली’. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ही ३२ फुटी होडी आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. १४ जून १९६८ ला तो इंग्लंडमधल्या फालमथहून निघाला आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. एकटा, मध्ये कुठेही न थांबता. अशा प्रदक्षिणेची शर्यतच होती, तिच्यातल्या नऊ जणांपैकी तो एकटाच पोहोचला. आणि नाव कशाचं, तर इराणच्या आखातातल्या आग्नेय वाऱ्याचं. अरब खलाशी त्याला सुहैली म्हणतात. शिडाच्या होडीला वाऱ्याचं नाव, यापेक्षा चपखल काय असणार?

म्हणून माझ्याकडून एकच नाव सुचवतो: ‘मतलई’. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होतेस, आठवतं? रात्री जमीन समुद्राआधी थंड होते आणि वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहू लागतो. इंजिनं नव्हती तेव्हा पहाटे त्याच वाऱ्यावर होड्या बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या. रेडिओवरही सुटसुटीत आहे. आईला मात्र ते ‘मतलबी’ ऐकू आलं. तिचं ऐकायचं की माझं, ते तू ठरव.

आधीच्या मालकाचं नाव नुसतं रंगाखाली दडपू नकोस. जुनं नाव लाइफबॉयवर (बुडणाऱ्याला फेकायच्या कड्यावर), चावीच्या बिल्ल्यावर, सगळीकडून पुसल्याशिवाय नवं लावू नये, असं जुने खलाशी मानतात. श्रद्धा नसली तरी पुसच. मदतीला आलेल्याला होडीवर दोन नावं दिसली तर घोटाळा व्हायचा. कागदपत्रंही त्याच वेळी बदलून घे.

अक्षरं पाठीमागे, लांबून वाचता येतील एवढी मोठी काढ. देवनागरीत हवंच असेल तर खाली बारीक लिही. नारळ तिथल्या दुकानातूनच आण, माझ्या बॅगेतला विमानतळावर काढून घेतील.

तुझा,
बाबा