उपाशी कोण राहते?

परळ, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी साखरेबरोबर भात आणि फळेही सोडल्याचे आईकडून समजले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. साखर कर्करोगाला पोसते, या बोलण्यामागे खरे शास्त्र आहे. पण साखर सोडली की कर्करोग उपाशी पडतो, हा त्यावरून बाबांनी काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर नाही.

बर्लिनच्या ऑटो वॉरबर्ग यांना १९२०च्या दशकात असे आढळले की, कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी प्राणवायू मुबलक असतानाही पुष्कळसे ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचे लॅक्टिक आम्ल करतात. या वाटेने ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे ऊर्जेचे, जेमतेम २ रेणू मिळतात. पूर्ण ज्वलनातून ३०च्या आसपास मिळतात. पेशीने हा तोटा का सोसावा? मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्या, बिघडल्यामुळे, असे वॉरबर्ग मानत. पण पुढे बहुतेक कर्करोगांत त्या काम करताना दिसल्या. भराभर विभागणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल लागतो, आणि ग्लुकोजच्या याच वाटेवरून डीएनए व मेद घडवण्याची सामग्री वळवून घेता येते, हे स्पष्टीकरण आज अधिक पटते.

हा बदल गाठ दिसण्याच्या पुष्कळ आधी सुरू होऊ शकतो. रास हे पेशीच्या वाढीला चालना देणारे जनुक बिघडलेली पेशी निरोगी पेशींच्या थरात वेढलेली असेल, तर तिच्या मायटोकॉन्ड्रियांचे काम मंदावते, ग्लुकोजचे अर्धवट विघटन वाढते आणि त्यामुळेच तिला थराबाहेर ढकलणे सोपे जाते, असे जपानी संशोधकांनी २०१७ मध्ये पेशींवरील आणि उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. जी वाट पुढे गाठीच्या कामी येते, तीच आरंभी शरीराच्या बाजूने उभी राहते, याचे मला फार आश्चर्य वाटते.

पण बाबा, तुम्ही साखर खाल्ली नाही तरी मेंदूसाठी तुमचे यकृत रक्तातले ग्लुकोज टिकवून धरतेच. उपाशी राहता ते तुम्ही. कर्करोगाच्या पेशीला तिचा वाटा मिळतच राहतो. गोड बेताने खावे, वजन मात्र उतरू देऊ नये.

मला खरी काळजी तुमच्या गालातल्या पांढऱ्या चट्ट्याची आहे. तंबाखू सोडलीत याचा मला अभिमान आहे, तरीही तो चट्टा तपासायलाच हवा. काकांनी सुचवलेला पेट स्कॅन ग्लुकोज अधिक ओढणाऱ्या पेशी दाखवतो हे खरे, परंतु काही मिलिमीटरांचा दोष त्यातून निसटू शकतो. चट्ट्यातल्या पेशी बदलल्या आहेत का, हे ठरवायला बायोप्सीच, म्हणजे त्याचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणीच, लागते.

सोमवारी मी रजा घेतली आहे. डोंबिवलीहून गर्दी ओसरल्यावरची गाडी धरा. परळ स्थानकावरून टाटा रुग्णालयात आपण एकत्र जाऊ. दातांच्या डॉक्टरांचे जुने कागद आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी आठवणीने आणा. बायोप्सीपूर्वी डॉक्टरांना ती दाखवावी लागेल. गोळ्या मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

तुमची,
मुग्धा