गाडी बंद पडली ते बरं झालं

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर मी म्हटलं, "19 तास झाले आणि गाडी बंद पडली," तसा तुमचा आवाज एकदम उतरला. "असू दे गं, पुढच्या वेळी होईल नीट," म्हणालात. दोन रात्रींचं जागरण होतं, तेव्हा समजावून सांगायचं त्राण नव्हतं. आज झोप झाली आहे म्हणून लिहिते. गाडी बंद पडल्याचं मला दुःख झालंच नव्हतं. शर्यतीची नवी गाडी तपासायला, म्हणजे त्यासाठीच, आम्ही इथे आलो होतो.

सेब्रिंगचा हा ट्रॅक फ्लोरिडात आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे बॉम्बर विमानांचं प्रशिक्षण चालायचं, आणि त्या तळाचं काँक्रीट अजूनही ट्रॅकमध्ये आहे. एक फेरी साधारण 6 किलोमीटरची. शेवटच्या 17 नंबरच्या वळणावर तर असे उंचवटे आहेत की गाडीचा तळ आपटतो आणि रात्री मागे ठिणग्यांची रेघ दिसते. 1952 पासून इथे 12 तासांची शर्यत होते. जुने मेकॅनिक सांगतात, इथले 12 तास म्हणजे दुसरीकडचे 24. म्हणूनच हंगामाआधी नवी प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठीच बांधलेली गाडी, इथे आणून पिटाळतात.

तुम्ही टीव्हीवर पाहता ती फॉर्म्युला वन शर्यत साधारण 300 किलोमीटरची. आमच्या प्रकारात, म्हणजे तासन् तास चालणाऱ्या शर्यतींत, 2010 साली ऑडीच्या गाडीने फ्रान्समधल्या ल माँला 24 तासांत 397 फेऱ्या मारल्या, म्हणजे 5,410 किलोमीटर! एका दिवसात. आमची गाडी 24 तासांसाठी बांधलेली असली तरी चाचणी 30 तासांची ठेवतो, कारण 24 तासांना जेमतेम पुरणारा भाग शर्यतीत न्यायची माझी तरी हिंमत नाही.

2016 च्या ल माँबद्दल मी पूर्वी सांगितलं होतं का? टोयोटाची 5 नंबरची गाडी 23 तास 56 मिनिटं धावली होती आणि पुढे होती. शेवटच्या काही मिनिटांत तिचा चालक नाकाजिमाने रेडिओवर सांगितलं की ताकदच येत नाहीये. गाडी स्टार्ट-फिनिशच्या रेषेशी येऊन थांबली, पोर्शे बाजूने निघून गेली आणि जिंकली. टोयोटाने ती शेवटची फेरी कशीबशी पूर्ण केली, पण नियमात बसणाऱ्या वेळेत नाही, त्यामुळे निकालात तिचं नावच लागलं नाही. कारण काय निघालं? इंजिनासाठी हवा दाबणारा टर्बोचार्जर आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर यांच्यामधल्या नळीचा एक जोड. इंजिन धड, जोडीची विजेची मोटर धड, चालक उत्तम, आणि एका जोडापायी सगळं गेलं. पुढे 2018 पासून त्यांनी सलग 5 वर्षं ल माँ जिंकली. तरी ती गाडी रेषेवर उभी राहिलेली आठवली की माझ्या पोटात अजून खड्डा पडतो.

आता आमचं ऐका. मध्यरात्र उलटून गेली होती. माझ्यासमोर पडद्यावर इंधनाच्या दाबाची रेघ. 17व्या तासाला ती सेकंदाच्या काही शतांशांपुरती खाली गेली आणि लगेच वर आली. सगळे म्हणाले, सेन्सरचा खोडसाळपणा. मला पटेना, म्हणून आधीच्या फेऱ्या काढून पाहिल्या. तसलीच बारीक खाच 6 वेळा, आणि सहाही वेळा त्याच 17 नंबरच्या वळणावर. आदळ्याशी संबंध होता तर! मी सांगितलं, गाडी आत बोलावू नका, चालू द्या. आजवर घेतलेला सगळ्यात अवघड निर्णय होता तो. 19 तास भरले आणि इंजिन गप्प झालं.

आई, तुला मेकॅनिकांची काळजी वाटते ना? गाडीत इंजिनाच्या जोडीला शेकडो व्होल्टची बॅटरी आहे. तिच्यावरचा सुरक्षिततेचा दिवा हिरवा दिसल्याशिवाय कोणी गाडीला हात लावत नाही, आणि पहिला हात लावणाऱ्याच्या हातात जाड रबरी मोजे असतात. त्या रात्रीही तसंच झालं.

इंधनाच्या पंपाकडे जाणाऱ्या वायरींचा कनेक्टर सोडवून मी भिंगाखाली धरला. आत करंगळीच्या नखापेक्षा बारीक पिना, त्यांवर सोन्याचा पातळ मुलामा. दोन पिनांवरचा मुलामा गेला होता आणि तिथे काजळीसारखी काळी पूड बसली होती. वायरींना धरणारी क्लिप कनेक्टरपासून चार बोटं लांब होती. प्रत्येक आदळ्याला तेवढा तुकडा झुलायचा आणि पिना आतल्या आत केसाएवढ्या घासायच्या. हजारो वेळा. मी ती पूड बोटावर घेतली आणि अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं. हे इथे सापडलं, शर्यतीत नाही.

आणि वेळेवर सापडलं. एकदा गाडीच्या रचनेला अधिकृत मान्यता मिळाली की पुढची काही वर्षं तिच्यात मनाला येईल तो बदल करता येत नाही. मोजक्या सवलती असतात, त्या वेगासाठी जपून ठेवाव्या लागतात.

आता क्लिप कनेक्टरला खेटून बसवली आहे आणि परवा सकाळी पुन्हा पहिल्या तासापासून सुरुवात. घड्याळ शून्यावर.

आई, तू जागत बसू नकोस. 30 तास झाले तरी फोन करीन, मध्येच थांबली तरी करीन. आणि बाबा, थांबली म्हटलं तर "असू दे" म्हणू नका. विचारा, "काय सापडलं?" मग मी सगळं सांगीन.

तुमची,
धाकटी