प्रोटीन पचवायला सिरप कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या आरोग्याच्या पानावर प्रोटीन किती खावं हे बरंच येतं पण ते पचतं कुठे यावर सहसा काही येत नाही म्हणून लिहितोय. मी मेडिकलमध्ये काउंटरला असतो. हल्ली जिमची पोरं प्रोटीन पावडरच्या डब्यासोबत एन्झाइमचं, म्हणजे अन्न तोडणाऱ्या पाचक द्रव्याचं, सिरप मागतात आणि वर अ‍ॅसिडिटीची गोळी पण. आता गंमत बघा, आपल्याकडच्या बऱ्याच सिरपमध्ये असतं डायस्टेज आणि पेप्सिन. डायस्टेज चालतं भात-बटाट्यातल्या स्टार्चवर, प्रोटीनशी त्याचा संबंधच नाही. पेप्सिन प्रोटीन तोडतं खरं पण त्याला कडक अ‍ॅसिड लागतं आणि ते तर गोळीने आधीच कमी केलेलं, मग सिरपने करायचं काय?

मुळात प्रोटीनचं मोठं काम पोटात होतच नाही, ते पुढे लहान आतड्यात होतं आणि त्यासाठीचा माल पाठवतं स्वादुपिंड म्हणजे आपलं पॅनक्रियाज, रोज साधारण लिटर-दीड लिटर रस. त्यातलं बायकार्बोनेट आधी अ‍ॅसिड मारतं, मग ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन प्रोटीनची लांब साखळी मधेमधे तोडतात आणि कार्बोक्सिपेप्टिडेज टोकाकडून एकेक अमिनो अ‍ॅसिड, म्हणजे साखळीची एकेक कडी, सुटं करतं. उरलेसुरले बारीक तुकडे आतड्याची भिंत बघून घेते.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की पॅनक्रियाज स्वतःच प्रोटीनचं बनलेलं, तर हीच एन्झाइम्स तिथेच चालू झाली तर ते स्वतःलाच पचवून टाकेल ना, म्हणून ती बंद अवस्थेत बनतात. ट्रिप्सिनोजेन, म्हणजे बंद ट्रिप्सिन, आतड्यात पोचलं की तिथलं एंटरोकायनेज नावाचं एन्झाइम त्याचं ट्रिप्सिन करतं आणि मग ट्रिप्सिन बाकीच्यांना चालू करतं. दारूमुळे नाहीतर पित्ताशयातल्या खड्यामुळे हे आतच सुरू झालं की पॅनक्रिएटायटिस, म्हणजे पॅनक्रियाजला सूज, त्यात माणूस आयसीयूत जाऊ शकतो.

ज्यांचं पॅनक्रियाज खरंच निकामी झालंय किंवा ऑपरेशनमध्ये काढलंय त्यांना डॉक्टर पॅनक्रिएटिनच्या, म्हणजे पॅनक्रियाजच्याच एन्झाइम्सच्या, कॅप्सूल देतात, त्या वेगळ्या. त्या जेवताना घ्यायच्या, चावायच्या नाहीत, आतल्या दाण्यांवर अ‍ॅसिडपासून वाचवणारं कोटिंग असतं. बरेच पेशंट जेवण झाल्यावर तासाभराने घेतात आणि म्हणतात फरक नाही. (हे औषध डुकराच्या पॅनक्रियाजपासून बनतं, शाकाहारी लोकांनी डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं.)

तेलकट, तरंगणारी शौच आणि विनाकारण उतरणारं वजन, असं असेल तर सिरप मागू नका, पोटाच्या डॉक्टरकडे जा. एवढं तरी एकदा ठळक अक्षरात छापाल का?

– एक मेडिकलवाला, सांगली