काकी, त्या चार पोत्यांबद्दल

आदरणीय काकी,

साष्टांग नमस्कार.

बोलतो आपण कोकणीत, पण लिहायला बसले की माझ्या हाताला मराठीच येते. गावची शाळा मराठी, देवळातलं भजन मराठी, तुमच्या सोप्यावर पडलेला पेपरही मराठी. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, ते चारचौघांत घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही. गोव्याच्या या सत्तरी तालुक्यात काजूचा डोंगर असलेल्या काकी पुष्कळ आहेत. हे पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल.

ज्या गोष्टीसाठी लिहिते आहे ती मला गेल्या वर्षी कळली. पण सुरुवात त्या मार्चपासूनच करायला हवी.

७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १५ मार्चनंतर खाणी बंद झाल्या. लिजांचं नूतनीकरण घाईने आणि नियम डावलून झालं होतं असं न्यायालयाने म्हटलं, ते मला पटतं. पण त्या घाईत माझ्या बाबांचा काही हात नव्हता. ते दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. खाणीवरून लोहखनिजाचा माल भरायचा, जेटीवर ओतायचा, तिथून बार्ज, म्हणजे मालवाहू बोटी, मांडवीतून मुरगाव बंदरात जायच्या. पैसे खेपेमागे. नेमणुकीचं पत्र नाही, फंड नाही. खाणीच्या कामगारांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं आणि गाडीमालकांच्या यादीत तर असणारच नव्हतं. कागदावर बघाल तर त्यांची नोकरी गेलीच नाही, कारण ती कधी होतीच नाही.

२०१२ च्या सप्टेंबरात पहिली बंदी आली तेव्हा आईकडे सोनं होतं. दोन वर्षं ते गहाण ठेवून, सोडवून, पुन्हा ठेवून शेवटी गेलं. २०१४ मध्ये न्यायालयाने बंदी उठवली, पण वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. मग खेपा वाटून मिळू लागल्या आणि पूर्वीची कमाई परत आली नाही. म्हणजे दुसऱ्या बंदीच्या वेळी घरात विकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शहरातले लोक विचारतात, तुम्ही शेतीकडे का नाही वळलात? आमचं भाताचं शेत डंपाच्या, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मातीच्या डोंगराच्या, पायथ्याशी. दर पावसात वरची लाल माती वाहून यायची. मी चौथीत असेपर्यंत आजोबा तो गाळ कुदळीने काढायचे, पुढे त्यांनी सोडून दिलं. खाणीने आधी शेत घेतलं आणि मग खाणही गेली. परत जायला जागाच नव्हती.

पंधरा तारखेला गुरुवार होता आणि रविवारी पाडवा. बाबांनी गुढी उभारली, आंघोळ केली आणि जेवल्यावर सोप्यावर बसले, ते पुढे कित्येक दिवस तिथेच. पहाटे चारला त्यांना जाग यायची, कारण वीस वर्षं पहिल्या खेपेसाठी त्याच वेळी उठायची सवय. उठून दाराशी उभे राहायचे. रस्ता इतका शांत की लांबच्या कोंबड्याची बांगसुद्धा ऐकू येई. होंड्यातली टायरची दुकानं, गॅरेजं, ड्रायव्हरांची चहाची टपरी, एकेक करत बंद झाली. दुकानदाराने उधारीची वही मिटली. त्याचा मला राग नाही, त्याचेही पैसे आमच्यासारख्या तीस घरांत अडकले होते. झाडांच्या पानांवरची लाल धूळ पहिल्या वळवाने धुऊन गेली, आईचा खोकला कमी झाला. हेही खरं आहे म्हणून लिहिते.

आणि बाबा पिऊ लागले. हे लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, लिही, त्याशिवाय काकींनी काय केलं ते कुणाला कळणार नाही.

माझी दहावीची परीक्षा तोंडावर होती. रात्री मी पुस्तक समोर धरून फक्त त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत बसायची. ते कधी कुणावर हात उगारत नसत, ओरडतही नसत. भिंतीकडे तोंड करून निजायचे. आई म्हणायची, भांडले असते तर बरं झालं असतं.

पाडव्यानंतर आठवड्याभरात तुम्ही आलात. हात चिकाने काळे, लुगड्याला बोंडूंच्या, काजूच्या फळांच्या, रसाचे डाग. बसलासुद्धा नाहीत. बाबांना म्हणालात, माझा जीपवाला गेला, डोंगरावर बोंडू पडून कुजताहेत, आज मळले नाहीत तर रस फुकट जाईल, तेवढी गाडी काढून द्या. बाबांनी पायात चपला सरकवल्या आणि निघाले. तुम्ही त्यांच्या बेकारीबद्दल अवाक्षर काढलं नाही. खाणी कधी सुरू होतील, सरकार काय म्हणतं, असलं काही नाही. जाताना पायरीवरून एवढंच म्हणालात, “फाल्यां सकाळीं ये.” उद्या सकाळी ये.

काजूचं काम बाहेरून सोपं वाटतं. बोंडू तोडायचा नसतो, पिकून खाली पडला की वेचायचा. म्हणून रोज पहाटे सगळा डोंगर पायाखाली घालावा लागतो. बी पिळून वेगळी करायची, तिचा चीक हाताची साल काढतो. बोंडू कोळंबीत, म्हणजे मळायच्या कुंडात, घालून मळायचे, रस आंबवायचा, मग दारू गाळायची भाटी लावायची. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. भाटीवर रात्रंदिवस माणूस लागतो आणि मजुरीही तिथेच बरी. बाबांनी दुसऱ्याच आठवड्यात तुम्हाला विचारलं होतं, मी भाटीवर बसू का? तुम्ही म्हणालात, नको, गाडीला माणूस नाही.

गाडीला दुसरा माणूस मिळत होता, काकी. आईला ते तेव्हाच कळलं होतं. तुम्ही बाबांना हुर्राकाच्या वासापासून लांब ठेवलंत, आणि का ठेवलंत हे त्यांना एकदाही ऐकवलं नाहीत. वर आईलाही बिया वेचायला बोलावलंत. संध्याकाळी दोघांची मजुरी एकाच वेळी, ज्याची त्याच्या हातात. मग दोघं मिळून घरी यायची, आणि वाटेतल्या बारसमोरून बाबांना एकटं जावं लागायचं नाही. कुणी समजावलं असतं, शपथ घातली असती, तर बाबा उठून गेले असते. तुम्ही फक्त कामाची वाटणी बदललीत. एप्रिल संपेपर्यंत बाबा पुन्हा रोज दाढी करू लागले. मला वाटतं, त्यांना दारू सोडायची होतीच, फक्त संध्याकाळी घरी यायला एक कारण हवं होतं.

सगळं सावरलं असं नाही. माझा थोरला भाऊ तेव्हा बारावीत जाणार होता. त्याने जूनमध्ये शाळा सोडली आणि वेर्ण्याला कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागला. पुढे शिकेन म्हणायचा, शिकला नाही. परवा त्याने माझं सर्टिफिकेट हातात घेतलं आणि नुसतं पाहत राहिला. त्याच्या त्या वर्षाची भरपाई कुठल्या योजनेत नाही.

आता त्या चार पोत्यांबद्दल.

हंगाम संपला की वाळवलेल्या बियांपैकी थोड्या तुम्ही मागे ठेवता हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे भाव चढला की चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, विकता. चवथीचा खर्च, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, नातवंडांचे कपडे त्यातूनच. गेल्या वर्षी तुमच्या सुनेने मला बोलता बोलता सांगितलं की २०१८ च्या जूनमध्ये तुम्ही ती चारही पोती पडत्या भावात विकलीत. कारण काजूचं काम संपलं होतं आणि बाबांना तुम्ही तरीही बोलावत होतात. कुंपण घाला, झाडाखालचं रान काढा, जीपचा पत्रा ठोका, गोठ्याची कौलं बदला. पावसाळ्याच्या तोंडावर एवढं काम कुठून निघतं, असा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही. चवथीपर्यंत रोजची मजुरी चुकली नाही. त्या चवथीला तुमच्या घरी नवे कपडे आले नव्हते, हे तुमच्या सुनेला आठवतं. आमच्या घरी माझ्यासाठी आला होता. अकरावीचा गणवेश.

काकी, तो गणवेश मी दोन वर्षं घातला. दर सोमवारी धुऊन, इस्त्री करून. तो तुमच्या नातवंडांच्या कपड्यांतून आला आहे हे माहीत नसताना घातला. एवढ्या उशिरा आभार मानते याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही कळू दिलं नाहीत, आणि आम्ही विचारलं नाही.

२०२४ मध्ये डिचोलीची खाण पुन्हा सुरू झाली तेव्हा बाबांना जुन्या मालकाचा फोन आला होता, गाडीवर येता का म्हणून. काजूला नुकताच भर आला होता. बाबा फोनवर म्हणाले, हंगाम संपल्याशिवाय मला जमणार नाही, आमच्याकडे माणूस कमी आहे. “आमच्याकडे” असं म्हणाले. आई चुलीपाशी होती, तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

या वर्षी बिया वाळल्या की चार पोती आमच्या ओसरीवर ठेवा, काकी. जागा कोरडी आहे, उंदरांची काळजी आम्ही घेऊ. चवथीआधी भाव बघून बाबा स्वतः वाळपईला नेतील. तोवर ती कुणीही, कशासाठीही विकायची नाहीत.

तुमची,
जीपवाल्याची मुलगी