दुसरा डोस फडावर पोचायला हवा

संपादक महोदय,
स. न.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोपीचे सामान, भांडी, सरपण आणि त्या सामानावर बसवलेली लेकरे. आरोग्यसेविका म्हणून अशा कितीतरी लेकरांना मी लस टोचली. त्या काळात एक वाक्य सतत कानावर पडायचे: "सिस्टर, गोवर एकदा निघून गेला की लेकरू टणक होतं." मी रागवायचे, पण पटेल असे उत्तर माझ्याकडे नव्हते. आता आहे, म्हणून हे पत्र.

त्या वाक्यात अर्धे सत्य आहे. 1846 साली फॅरो बेटांवर गोवराची साथ आली आणि हजारो माणसे आजारी पडली. मात्र 1781 च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने हे टिपून ठेवले. मधे 65 वर्षे गेली होती, तरी शरीर विसरले नव्हते. एखाद्या जंतूशी लढून झाले की आपल्या काही पांढऱ्या पेशी त्याची ओळख जपून ठेवतात. तोच जंतू परत आला की प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला अडवणारी रक्तातली प्रथिने, लगेच तयार होतात.

पण गोवराचा विषाणू नेमका या आठवण ठेवणाऱ्या पेशींतच शिरतो आणि त्यांचा नाश करतो. लस न घेतलेल्या नेदरलँड्समधल्या 77 मुलांचे गोवराआधीचे आणि नंतरचे रक्त तपासून 2019 मध्ये संशोधकांनी याचा परिणाम दाखवला. इतर जंतूंविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडे त्या मुलांच्या रक्तातून गेली होती. म्हणजे गोवराची ओळख पक्की होते, पण त्याआधी लेकराने सर्दी, जुलाब, न्यूमोनिया सोसून जी शिदोरी जमवली होती, तिच्यातली बरीचशी जाते. ती त्या जंतूंशी पुन्हा गाठ पडून कमवावी लागते.

हे वाचले तेव्हा मला जुनी लेकरे आठवली. पुरळ आठवड्यात मावळायचे, आई निश्चिंत व्हायची, आणि दोन महिन्यांनी तेच लेकरू छाती भरून परत यायचे. मी नोंदवहीत 'अशक्तपणा' लिहायचे. गोवराशी त्याचा संबंध मी कधी जोडला नाही, याचे आज फार वाईट वाटते.

लसीतला विषाणू दुबळा केलेला असतो. तो गोवराची ओळख करून देतो, बाकीची आठवण पुसत नाही. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान देतात. नऊ महिन्यांच्या शंभर बाळांपैकी साधारण पंधरांना पहिला डोस लागू पडत नाही. काहींच्या अंगात आईकडून आलेली प्रतिपिंडे तेव्हाही शिल्लक असतात आणि ती लसीतल्या विषाणूलाच अडवतात. म्हणून दुसरा डोस. आणि ऊसतोडीच्या घरांत नेमका तोच राहतो, कारण त्या वेळी लेकरू गावात नसते, फडावर असते. एका जागी इतकी अपुरी लस घेतलेली मुले जमली की काय होते, ते 2022 च्या गोवराच्या साथीत मुंबईतल्या गोवंडीने पाहिले.

माझी मागणी साधी आहे. कारखान्याने टोळी उतरवली की पहिल्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला पाच वर्षांखालच्या मुलांची यादी द्यावी. मुकादमाकडे प्रत्येक कोयत्याचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याचा, हिशेब असतोच, त्यात लेकराचे वय लिहायला कितीसा वेळ लागतो? लसीची सुई फडापर्यंत न्यायचे काम आरोग्य विभागाचे आहे.

आपल्या अंकात हंगाम सुरू होण्याआधी एवढे जरूर छापावे: हा डोस कोणत्याही जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रात फुकट मिळतो, आणि कार्ड गावी पेटीत राहिले असले तरी लेकराला परत पाठवता येत नाही.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. बीड