ॲसिटेटची बाटली कपाटातच राहिली, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुमचे आभार फोनवर मानून झाले होते. पण चिकणमातीतून धातू किती खाली सरकतात हे मोजणाऱ्या कुणालाही तुमचं उत्तर उपयोगी पडेल, म्हणून हे उघड पत्र.

मी एवढंच विचारलं होतं की कॉलममध्ये, म्हणजे माती भरलेल्या नळीत, सामू (pH) ५ च्या आसपास धरून ठेवायला कोणता बफर (सामू सहसा बदलू न देणारं द्रावण) घेऊ? तुम्ही नाव सांगितलंच नाहीत. उलट विचारलंत, "तो बफर धातूचं काय करेल?" ॲसिटेटचा बफर शिशाला आणि तांब्याला द्रावणातच पकडून ठेवतो, सिट्रेटचा तर त्याहून घट्ट. मग धातू खाली उतरला तो मातीने सोडला म्हणून की बफरने नेला म्हणून, हे कसं ओळखणार? फॉस्फेटची तऱ्हा उलटी: शिशाचा न विरघळणारा फॉस्फेट वरच्या थरातच बसतो आणि आपण तो मातीच्या खात्यावर मांडतो. क्लोराइड कॅडमियमला चिकटतं, म्हणून द्रावणातला क्षारही क्लोराइडचा नको, नायट्रेटचा.

खरी गोष्ट पुढे होती. माती स्वतःच बफर आहे. तिच्यात कार्बोनेट असेल तर वरून ओतलेलं आम्ल ती मुकाट्याने खाऊन टाकते. वरचा थर आम्ल होतो, खालचा होत नाही, आणि बाटलीतल्या द्रावणाचा सामू वहीत लिहून काहीच कळत नाही. म्हणून आधी धातूविना, नायट्रिक आम्लाने हव्या त्या सामूवर आणलेलं सौम्य नायट्रेट द्रावण सोडत राहायचं. खालून निघणाऱ्या पाण्याचा सामू वरच्याइतका झाला, की मग धातू. तेव्हाही निर्धास्त व्हायचं नाही, कारण चिकणकणांच्या कडांवर धातू बसताना हायड्रोजन आयन सुटतात आणि सामू पुन्हा घसरतो. निचऱ्याच्या प्रत्येक नमुन्याचा सामू मोजण्याचा तुमचा हट्ट मला आधी जाच वाटला होता. आता तोच रकाना मी सगळ्यात आधी वाचतो.

सामू ५ च्या खाली मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मातीच्या कणांवरच्या जागेसाठी धातूंशी भांडू लागतं, तेव्हा तेही मोजा, हे तुम्ही जाता जाता म्हणालात. माझ्या एका आलेखाचा विचित्र उतार त्यानेच उलगडला.

एका बाबतीत मात्र आपलं अजून जमत नाही. सोडियम नायट्रेटने चिकणमाती विखुरते आणि कॉलम तुंबतो, म्हणून मी कॅल्शियमच्या बाजूचा. कॅल्शियम कॅडमियमच्या आणि जस्ताच्या जागा बळकावतं, म्हणून तुम्ही सोडियमच्या. सध्या दोन्ही कॉलम शेजारी-शेजारी चालू आहेत. आकडे हाती आले की आधी तुम्हालाच पाठवतो.

आपला कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थी