झाडीत पाणी मागताना

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

पाडव्यानंतर नर्मदा परिक्रमेच्या एका टप्प्यासाठी तू बडवानीहून शूलपाणीच्या झाडीत, नदीकाठच्या त्या डोंगराळ पट्ट्यात शिरणार, हे बाबांकडून कळलं. रजा मार्गशीर्षात मिळाली असती तर बरं झालं असतं, पण तुमच्या साहेबांना मार्गशीर्ष कळत नाही, मार्चअखेर तेवढी कळते. असो. फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेलं 'हो गं आई'वर निभावून नेतोस, म्हणून लिहायला बसले. हे कागदावर उतरवून घे. मोबाइलमध्ये ठेवू नकोस, तिकडे चार्जिंगचा भरवसा नसतो.

तू केलेला तक्ता पाहिला. रोज पस्तीस किलोमीटर! महामार्गाच्या कडेनं तेवढं होईलही. पण पाटी गाव सोडलं की वाट डोंगराच्या सोंडेवर चढते, पलीकडे नाल्यात उतरते आणि लगेच दुसरी सोंड चढायला लागते. समोरच्या पाड्यावरची कोंबडी ओरडलेली ऐकू येते आणि तिथं पोचायला दीड तास लागतो. वीसच्या वर धरू नकोस. सावलीचाही हिशेब करू नकोस. महाराष्ट्राच्या बाजूचे डोंगर बहुतेक बोडके आहेत. साग कधीच तोडून नेला. उरलाय तो मोह, आंबा, चारोळी, म्हणजे माणसाच्या पोटाला लागतं म्हणून राखलेलं.

निमाडात चैत्रातच पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा तांबडं फुटलं की निघायचं, दहाला जिथं असशील तिथं थांबायचं आणि चारच्या आत उठायचं नाही. आश्रम असो, शाळेची पडवी असो, नाहीतर एखाद्या घराचा ओटा. 'अजून थोडं जाऊ, पुढचं गाव जवळच आहे' असं अकरा वाजता कुणी म्हटलं तर त्याला जाऊ दे. तू पश्चिमेकडे चाललायस, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवरच्या पिशवीला लागेल आणि संध्याकाळचं थेट डोळ्यांत येईल. तुझी ती फॅशनची टोपी ठेव घरी. कडा असलेली टोपी घे आणि वरून ओला पंचा. घाम यायचा थांबला, डोकं ठणकायला लागलं, उन्हातही शहारा आला तर तिथंच बसायचं. मानेला, काखेत ओलं फडकं ठेवायचं, मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट प्यायचं आणि सोबत असेल त्याला सांगायचं. लाजायचं नाही.

आता पाणी. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्राचा घाट घातला.

मी परिक्रमेला गेले तेव्हा बिलगावच्या अलीकडे एका पाड्यावर आमच्या घोळक्यानं पाणी मागितलं होतं. तिकडे गाव म्हणजे घरांना घर लागून नसतं. ज्याचं शेत त्याच्या शेतात त्याचं घर, एकेक टेकडी धरून. घरातल्या बाईनं काही न बोलता हंडा ओट्यावर आणून ठेवला, वर लोटा. आम्ही प्यालो, कुणी तोंडावर मारलं, कुणी बाटल्या भरल्या. तिनं रिकामा हंडा उचलला, पोरीला हाक मारली आणि टेकडी उतरायला लागली. माझे गुडघे तेव्हा धड होते, मी मागोमाग गेले. खाली नाल्यात गुडघाभर खोल खड्डा होता, वाळूत हातानं उकरलेला. त्याला झिरा म्हणतात. तळाशी वाटीभर पाणी. ती वाटी तिरकी धरायची, गाळ हलू न देता पाणी उचलायची, हंड्यावर बांधलेल्या फडक्यातून ओतायची, मग पाझर येईपर्यंत गप्प बसायची. पुन्हा वाटी. पोरगी तोवर शेळीला हाकलत होती, कारण शेळीनं तोंड घातलं की सगळं गढूळ. हंडा भरेपर्यंत माझा जप होऊन गेला, बाकीचे वर डुलक्या काढत होते. आणि दोन डोंगरांच्या फटीतून खाली सरदार सरोवराचं निळंशार पाणी दिसत होतं, कालव्यानं पार कच्छपर्यंत जाणारं. तिथं उतरायचं तर सरळ कडा, चिखलाचा काठ, आणि भरला हंडा घेऊन परत चढायचं. म्हणून हा झिरा. हे मार्गशीर्षातलं सांगतेय. तू चैत्रात जाणार आहेस.

तेव्हा दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या घे आणि हापसा, शाळा, आश्रम दिसला की भर. वाटेत वजन वाटलं तरी ओतून टाकू नकोस. घरी मागशील ते पिण्यापुरतं, लोटाभर. हातपाय तोंड तिथं धुवायचं नाही. झिऱ्यावर बायका असतील तर लांब उभा राहा, त्यांचं झालं की माग. त्यात बाटली बुचकळायची नाही, पाय तर नाहीच. पाणी गाळून घे, क्लोरिनचे थेंब टाक, पण देणारीच्या समोर नको. थोडं पुढं जाऊन कर. आणि हंडा वर चढवून द्यायची वेळ आली तर उचल. डोक्यावर तुला जमायचा नाही, खांद्यावर घे. त्या हसतील. हसू देत.

भाकरीचंही तसंच. कुणी ना कुणी 'नर्मदे हर' म्हणून थांबवेल आणि जेवायला बसवेल. तुला ते 'बाबाजी' म्हणतील, दाढी असो वा नसो. तू त्यांना मामा म्हण, बाईला मावशी. मक्याची नाहीतर ज्वारीची जाड भाकरी, उडदाची डाळ, तिखट. नको म्हणू नकोस, पण पहिल्या वाढपात थांब. ताटात पैसे ठेवायचे नाहीत. आपण हॉटेलात बसलेलो नसतो आणि त्यांनीही बिल मांडलेलं नसतं. तुला हेच अवघड जाईल, मला माहीत आहे. कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही असं आम्हीच तुला वाढवलं, आणि आता मीच सांगतेय की घे. पैसे द्यायचेच असतील तर ज्या आश्रमात सदावर्त चालतं तिथं पेटीत टाक, नाव न सांगता. रात्री पाठ टेकायला जागा आणि शिधा तेच देतात आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे येणारे कमी, देणारे त्याहून कमी.

पोरांना चॉकलेटं वाटू नकोस. वाटेच्या कडेला हात पसरून 'नर्मदे हर, चॉकलेट' म्हणत धावत येतात, फार गोड दिसतात, आणि ही सवय आपल्यासारख्यांनीच लावलीय. दुपारी शाळेच्या पडवीत थांबशील तेव्हा त्यांच्याबरोबर गोट्या खेळ, पाढे म्हणून घे. मी मास्तरीण होते म्हणून सांगतेय असं समज.

लुटालुटीचं विचारलं होतंस. पूर्वी झाडीत परिक्रमावासीयांना लुटत, हे खरं. पैसा, भांडी, घोंगडी, अंगावरच्या कपड्यांपर्यंत. बहुधा जीवाला धक्का लावत नसत आणि पुढच्याच पाड्यावर कुणीतरी पांघरायला आणि जेवायला देई. लुटणाऱ्यांनाही मामाच म्हणत. नर्मदामैयाच लुटवते, सगळं सुटल्याशिवाय तिची वाट कळत नाही, असं सांगतात. ते सांगणारे बहुतेक न लुटले गेलेले असतात, हे आपलं माझं निरीक्षण. आता तसं राहिलेलं नाही. रस्ते झाले, ठिकठिकाणी आश्रम झाले. पण कुणी 'इथले लोक आधी चोर होते, आता सुधारले' असं बोलायला लागला तर त्याला जरा आठवण करून दे की सरदार सरोवराच्या धरणात आपल्या नंदुरबारची ३३ गावं बुडाली, मणिबेलीपासून सुरुवात झाली. २०१९ साली सरोवर पहिल्यांदा पूर्ण भरलं, १३८.६८ मीटर. नदीकाठची काळी जमीन खाली गेली. वर उरलं ते मुरमाड, तिथं त्यांनी घरं वर ओढून नेली आणि आता तिथूनच ते तुला हंडा पुढं करणार आहेत. तुला वाद घालायचा असेल तर इथं येऊन माझ्याशी घाल, तिकडे नको.

धडगाव-मोलगी करून गुजरातेत शिरलास की मात्र खरं जंगल लागतं. माथासरच्या पुढं शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. तिथं अस्वलं आहेत. या दिवसांत मोहाची फुलं पहाटे गळतात, बायका टोपल्या घेऊन अंधारात झाडाखाली जातात आणि अस्वलही त्याच फुलांसाठी येतं. म्हणून तेवढ्या टप्प्यात अंधारात निघायची घाई करू नकोस. चांगलं उजाडू दे, काठी आपटत आणि मोठ्यानं 'नर्मदे हर' म्हणत जा. भक्ती नसली तरी आवाज पोचतो. डोंगरावर धूर दिसला तर वणवा समजून घाबरू नकोस. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. बूट सकाळी झटकून घाल, विंचू असतात. आणि सरोवराच्या काठाला एकट्यानं आंघोळीला उतरू नकोस. मैयाचं वाहन मगर आहे ते काही नुसतं मूर्तीत नाही.

तू देव मानत नाहीस, ठीक आहे. मी काही त्यासाठी तुला पाठवत नाही, तूच निघालायस. पण नियम पाळ. दक्षिण तटानं पश्चिमेला जाताना नदी उजव्या हाताला. झाडीत ती दिवसेंदिवस दिसत नाही, वाट चुकल्यासारखं वाटतं, तेव्हा कुणालाही 'मैया कोणत्या अंगाला?' एवढंच विचार, सगळे हात करून दाखवतात. उपनद्या, नाले ओलांडायला हरकत नाही. मुख्य पात्र ओलांडायचं नाही आणि होडीत बसायचं नाही. सरोवरात लॉन्च चालतात, कुणी म्हणेल चढा महाराज, दोन दिवस वाचतील. वाचवायचे नाहीयेत. परिक्रमेत होडी एकदाच, शेवटी समुद्रात, विमलेश्वरहून मिठीतलाईला. उद्यासाठी खाणं बांधून घ्यायचं नाही. हा नियम ज्यानं केला त्यानं पाठीवर ओझं घेऊन तो चढ नक्की चढला असणार. पिशवी सहा किलोच्या वर गेली तर मला फोन कर, काय काढायचं ते मी सांगते.

झाडी टाळून खेतिया, शहादा, प्रकाशा, सागबारा असा डांबरी रस्ताही आहे. बरेच जण तिकडून जातात. दमलास, ताप आला, तर बिनदिक्कत त्या वाटेला लाग. मी कुणाला सांगणार नाही, बाबा सगळ्यांना सांगतील, पण त्यांना कोण विचारतंय.

नाशिकहून धुळे, शिरपूर, सेंधवा आणि तिथून बडवानी. राजघाटावर संकल्प करून बाटलीत मैयाचं पाणी भरून घे. ती बाटली पिण्याची नाही, सांभाळायची आहे. पुढं गुजरातेत गोरा गावी नवं शूलपाणेश्वराचं मंदिर आहे, जुनं पाण्याखाली गेलं. तिथं तुझा हा टप्पा थांबव आणि कुठवर आलास ते लिहून ठेव, पुढं तिथूनच उचलायचं असतं. चैत्रात पलीकडे तिलकवाडा-रामपुऱ्याला उत्तरवाहिनी परिक्रमेची, म्हणजे नदी उत्तरेला वाहते तेवढ्याच भागाच्या छोट्या परिक्रमेची गर्दी असते, गाड्यांना माणसं लोंबकळत असतात, तेव्हा परतीचं तिकीट आधीच काढ. जवळच एकतानगर स्टेशन आहे, बडोद्याला गाड्या मिळतात.

धडगाव आणि मोलगीला रेंज येते. तिथून फोन कर. मधल्या दिवसांत फोन आला नाही तर मी घाबरणार नाही, बाबांनाही घाबरू देणार नाही. दिवाळीनंतर रजा काढशील तर गोऱ्यापासून विमलेश्वरपर्यंत मीही येईन म्हणते. तो सपाटीचा रस्ता आहे, माझे गुडघे चालतील.

तुझी,
आई

ता. क. धडगावकडे त्या सुमारास घरांच्या पत्र्यांवर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतील. आमचूर तयार झालं असेल तर दोन किलो घे, घरूनच घे, बाजारातून नको. सांगतील तो भाव दे. घासाघीस केलीस असं कळलं तर बघ.